भाईंच्या पोटातून माझ्या पोटात

मी एस.टी.त कंडक्टर आहे. अठरा वर्षं झाली. यवतमाळ जिल्ह्यातले बरेचसे रस्ते मला डोळे मिटूनही खड्ड्यांवरून ओळखता येतात, पण मधली दोन वर्षं अशी गेली की मी ते रस्ते संडासांवरून ओळखत होतो. कुठल्या स्टँडवरच्या संडासाला आतून कडी आहे, कुठं पाणी असतं, कुठली बाभूळ रस्त्यापासून पुरेशी आत आहे, हे सगळं मला पाठ होतं. गाडीत साठ माणसं, गळ्यात तिकिटाचं मशीन, आणि पोटात एकाएकी अशी कळ यायची की आहे तिथंच पाय जुळवून, दांड्याला धरून उभं राहावं लागे.

एका सकाळी राळेगावहून यवतमाळला निघालो होतो. हिवाळ्याचे दिवस. गाडीत कापूस वेचायला निघालेल्या बाया, कॉलेजची पोरं, दूध सोसायटीचे दोन म्हातारे. कळंब यायला अजून बराच वेळ होता आणि माझ्या अंगाला घाम फुटला. मी बेलची दोरी धरली, पण ओढली नाही. काय सांगून गाडी थांबवणार? तेवढ्यात गाडीच हळू झाली आणि एका नाल्याच्या पुलाजवळ बाजूला उभी राहिली. आमचे ड्रायव्हर खाली उतरले, बॉनेट उघडलं आणि मोठ्यानं म्हणाले, "गाडी गरम झाली जी. दहा मिनिटं लागतीन. बसून राहा सगळे."

मग माझ्या खिडकीशी येऊन, माझ्याकडे न पाहता, पाण्याची बाटली वर केली. "पुलाच्या डाव्या अंगानं उतरजो. तिकडून दिसत नाही."

मी परत आलो तेव्हा ते बॉनेटपाशी उभे राहून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होते. मी विचारलं, "भाई, तुमाले कसं समजलं?"

"आरशात रस्ता पाहतो तसा तुलेही पाहतो," ते म्हणाले आणि गाडीत चढले.

त्यांना सगळा डेपो भाई म्हणायचा, मीही तेच म्हणतो. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे. नेरचे. घरी भावांचं ट्रॅक्टर-मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज, पण यांना दुरुस्तीपेक्षा चालवण्याचा नाद. बोलणं वऱ्हाडी, त्यात घरची हिंदी-उर्दू मिसळलेली. उंच, काटक, केस पांढरे, आणि वेळेचे इतके पक्के की स्टँडवरचा चहावाला त्यांना पाहून घड्याळ लावतो असं आम्ही म्हणायचो. डब्यात रोज ज्वारीची भाकरी, अंबाडीची नाही तर चिवळीची भाजी, डाळ, कांदा, कधी मटण, आणि ताकाची बाटली. सात वर्षं आमची जोडी होती. त्यांनी कधी माझ्यावर आवाज चढवल्याचं मला आठवत नाही.

त्या हिवाळ्यात आमची गाडी फार वेळा गरम झाली. थंडीत दातावर दात वाजत असताना गाडी गरम होते म्हटल्यावर लोक कुरकुरणारच. एका प्रवाशानं डेपोत तक्रार केली. मेकॅनिकनं इंजिन तपासलं, काही सापडलं नाही. साहेबांनी भाईंना बोलावून, गाडी नीट हाताळत नाही म्हणून चांगलंच सुनावलं. मी बाहेर उभा राहून ऐकत होतो. ज्या माणसानं आयुष्यभरात एक आरसाही फोडला नव्हता, तो मान खाली घालून "हो साहेब, ध्यान देतो" एवढंच म्हणाला. मी आत जाऊन खरं सांगायला निघालो, तर त्यांनी दारातच माझा दंड धरला. "जाऊ दे. तुह्या पोटाची गोष्ट हाये. ती काय ऑफिसात सांगाची?"

दुखणं सुरू झालं ते रक्तानं. आधी वाटलं मूळव्याध. गावातल्या एकाचं चूर्ण घेतलं. मग आव पडायला लागली, दिवसातून आठ-दहा वेळा जावं लागे, आणि तरी पोट साफ झालंय असं वाटेना. एका दवाखान्यात जंतुसंसर्ग म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स दिला. चार दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. दुसऱ्या दवाखान्यात दुसरा कोर्स. वर्षभरात असे किती झाले, मी मोजले नाहीत. वजन उतरलं, गणवेशाची पँट पट्ट्यात गोळा करून घालायला लागलो. माझी बायको वावराचं सगळं बघते, सोयाबीन, तूर, मजूर, फवारणी. पण त्या वर्षी तिचं अर्धं लक्ष माझ्या ताटात असायचं. मऊ भात, वरणाचं पाणी, दह्याची निवळी. मला तिखटाचा नुसता वास आला तरी पोटात मुरडा यायचा.

शेवटी यवतमाळला एका डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्या नागपूरच्या, पोटाच्या विकारांच्या तज्ज्ञ, पंधरा दिवसांतून एकदा यवतमाळच्या एका दवाखान्यात बसायच्या. बाहेर ही गर्दी. माझा नंबर लागेपर्यंत दुपार झाली होती. तरी त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही घड्याळ पाहिलं नाही. दुर्बिणीनं तपासणी केली आणि पडद्यावर मला माझंच आतडं दाखवलं. लाल, सुजलेलं, जागोजागी सोललेलं. ढोपर खरचटल्यावर दिसतं तसं, पण हातभर लांब.

"याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात," त्या म्हणाल्या. "तुमच्या शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच तुमच्या आतड्यावर उलटली आहे."

त्यांनी गोळ्या सुरू केल्या. नुसत्या त्यांनी भागेना, तेव्हा स्टिरॉइड दिलं. स्टिरॉइडनं जादू केली. रक्त थांबलं, भूक लागली, चेहरा भाकरीसारखा गोल झाला. पण डोस कमी करायला घेतला की चौथ्या-पाचव्या दिवशी रक्त परत. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळेला मला गाडीवरची ड्यूटी सोडावी लागली. डेपोनं चौकशीच्या खिडकीत बसवलं. भाईंच्या गाडीवर दुसरा कंडक्टर गेला. त्यांची गाडी फलाटाला लागली की ते आधी खिडकीत डोकावायचे. "कसं हाय?" मी हात हलवायचा. ते मान डोलवून जायचे.

तिसऱ्यांदा रक्त परतलं त्या दिवशी मॅडमनी औषधाच्या कागदाच्या पाठीमागं आतड्याचं चित्र काढलं. आत ठिपके ठिपके.

"हे जिवाणू," त्या म्हणाल्या. "प्रत्येकाच्या मोठ्या आतड्यात असतात. मोजता येणार नाहीत इतके, शेकडो जातींचे. आपल्याला वाटतं जंतू म्हणजे रोग. पण यांच्याशिवाय आपलं चालत नाही. भाजीतला चोथा, डाळीचं साल, ज्वारीचा कोंडा, जे आपल्याला पचत नाही ते हे खातात. त्यातून जी आम्लं तयार करतात, त्यातल्या एकावर तुमच्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात. अस्तर धड ठेवायचं, वाईट जंतूंना जागा द्यायची नाही, आणि संरक्षण यंत्रणेला कोण आपलं, कोण परकं हे शिकवायचं, ही सगळी कामं ते करतात."

"मग माह्या पोटात ते नाहीत का?"

"आहेत. पण तुमच्यासारख्या रुग्णांत त्यांच्या जाती कमी झालेल्या दिसतात. कामाच्या जाती तर फारच कमी. त्यामुळे आजार झाला की आजारामुळे त्या गेल्या, हे अजून कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मीही सांगणार नाही. एवढ्या अँटिबायोटिकनं मात्र त्यांचं भलं झालं नाही, हे नक्की."

मला त्यांचं हे बोलणं फार आवडलं. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मग त्यांनी पुढचे मार्ग सांगितले. जास्त जोरदार औषधं आहेत, ती संरक्षण यंत्रणा दाबून टाकतात. अगदीच नाही जमलं तर शस्त्रक्रिया, मोठं आतडं काढायचं. "आणि आणखी एक आहे," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना गुण येत नाही. तुम्हाला येईल असं वचन मी देणार नाही. निरोगी माणसाची संडास घ्यायची, तपासायची, सलाइनच्या पाण्यात मिसळून गाळायची आणि दुर्बिणीतून तुमच्या आतड्यात सोडायची. त्याच्या पोटातले जिवाणू तुमच्या पोटात राहायला आले तर आले."

मी बायकोकडे पाहिलं. मला वाटलं ती उठून जाईल. ती म्हणाली, "कोनाची चालते?"

घरी येताना मी गाडीत खिडकीबाहेर तोंड करून बसलो. शिसारी आली होती. बायकोनं गाव येईपर्यंत वाट पाहिली आणि उतरताना म्हणाली, "वावरात शेणखत टाकता तवा नाक धरता का तुमी? कोणाचं तरी चांगलं हाय, ते तुमच्या उपयोगी पडून राह्यलं. याच्यात घाण कोणती?"

दाता शोधणं सोपं नव्हतं. बायकोला महिन्यापूर्वीच लघवीच्या जळजळीसाठी अँटिबायोटिक झालं होतं, ती बाद. मोठा भाऊ तयार झाला, पण त्याच्या तपासणीत जंत निघाले. मेहुण्याला मधुमेह. चुलतभावानं फोनवर आधी हो म्हटलं आणि मग उचलणंच बंद केलं. मी त्याला दोष देत नाही. असली गोष्ट मागताना माझीच जीभ अडखळत होती.

एका दुपारी भाईंची गाडी आली आणि नेहमीसारखं डोकावून न जाता ते खिडकीच्या आत येऊन स्टुलावर बसले. "तुही बायको भेटली मले, स्टँडवर. तिनं सगळं सांगतलं. मले काहून नाही सांगतलं तू?"

"काय सांगू भाई?"

"मी देतो."

"तुमाले समजलं का, ते काय मागून राह्यले?"

"समजलं. रोज सकाळी फेकूनच देतो ना मी ते?" ते म्हणाले. मग गंभीर झाले. "पाह्य भाऊ, मले बीपी नाही, शुगर नाही, कधी दवाखाना पाह्यला नाही. पोट माहं घड्याळासारखं हाय. माह्या घरी मी विचारलं. ती म्हने, तुमाले अशक्तपणा येईन का? मी म्हनलं नाही येत. तं म्हने मग द्या. आता तू बोल."

चौकशीच्या खिडकीबाहेर एक बाई दारव्ह्याची गाडी किती वाजता म्हणून विचारत होती, तिला भाईंनीच उत्तर दिलं.

घरात आईला सांगायचं कसं, हा माझ्यापुढे प्रश्न होता. ती जुन्या वळणाची, शिवाशिव, उष्टंखरकटं सगळं पाळणारी. मी बायकोला म्हटलं, तिला काही सांगू नको. पण घरात काही लपत नाही. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "त्यानं आपल्या मनानं देतो म्हनलं, का तू मांगतलं?" मी म्हटलं, त्यांनी आपणहून. दुसऱ्या दिवशी मी डेपोत निघालो तर तिनं पिशवी तयार ठेवली होती. घरच्या ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, वाळवलेली अंबाडी, जवसाची चटणी. मॅडमनी दात्यानं डाळी, भाज्या, कोंड्याचं खावं असं सांगितल्याचं तिच्या कानावर आलं होतं. ते तिनं आपलं काम मानलं. पुढचे सात-आठ महिने भाईंच्या घरी आमच्या वावरातून काही ना काही जात राहिलं.

भाईंच्या तपासण्या झाल्या. रक्त चार-पाच नळ्या काढलं. कावीळ, एड्स, आणखी कसले कसले आजार. संडास तीनदा तपासली. मॅडमनी एवढे प्रश्न विचारले की भाई मला म्हणाले, "लायसन काढताना इतकं नव्हतं विचारलं." सगळं स्वच्छ निघालं. मॅडम म्हणाल्या, "असा दाता मिळायला नशीब लागतं." भाई लाजले. त्याच दिवशी बाहेर येऊन त्यांनी खिशातली खर्ऱ्याची पुडी काढली आणि गटारात टाकली. खर्रा सोडा असं मॅडमनी बजावलं नव्हतं, सोडला तर बरं एवढंच म्हणाल्या होत्या. पंचवीस वर्षांची सवय. त्यानंतर आठवडाभर ते स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहायचे, चिडचिड व्हायची, पण खर्रा परत तोंडात गेला नाही.

हे एकदा करून भागत नाही, मॅडमनी सात वेळा करायचं ठरवलं होतं. पहिल्या वेळेसाठी आम्ही आदल्या दिवशी नागपूरला गेलो. कळंब, देवळी, वर्धा करत, दोघंही प्रवासी म्हणून, शेजारी शेजारी. भाईंना दुसऱ्याच्या गाडीत बसणं जमत नाही, त्यांचा उजवा पाय सारखा ब्रेक दाबत होता. त्यांच्या बहिणीकडे उतरलो. तिला एवढंच सांगितलं की पोटाची तपासणी आहे.

सकाळी दवाखान्यात गेलो आणि भाईंना होईना. त्यांच्या हातात झाकणाचा डबा, नर्स दारात, मी आत पलंगावर तयार, आणि ते संडासातून हात हलवत बाहेर. "येऊन नाही राह्यलं." आयुष्यभर घड्याळासारखं असलेलं पोट त्या दिवशी रुसलं. त्यांना घाम फुटला. मला कळ यायची तेव्हा फुटायचा तसा. नर्स चांगली होती, म्हणाली, "काका, घाई नाही. चालून या." त्यांनी चहा घेतला, गरम पाणी घेतलं, दवाखान्याच्या आवारात फेऱ्या मारल्या. मी खिडकीतून पाहत होतो. पांढऱ्या केसांचा उंच माणूस, हात पाठीमागं बांधून, फाटकापासून जनरेटरपर्यंत आणि परत. तोंडानं काहीतरी पुटपुटत. अर्ध्या-पाऊण तासानं ते तडक आत शिरले. बाहेर आले तेव्हा डबा दोन्ही हातांनी धरलेला होता आणि चेहरा असा की घाटात अडकलेली गाडी काढून आणलीय. नर्सच्या हातात देताना म्हणाले, "सांभाळून जी."

नंतरचं काही फार अवघड नव्हतं. गाळलेलं पाणी मोठ्या सिरिंजमध्ये भरलेलं मी पाहिलं. चहाच्या रंगाचं. माझ्या मनातली सगळी शिसारी त्या फेऱ्या बघतानाच गेली होती. पाणी आत सोडल्यावर काही तास ते धरून ठेवायचं होतं. जो माणूस दहा मिनिटं धरू शकत नव्हता, त्याला तासन् तास. मी कुशीवर पडून राहिलो. भाई बाजूच्या खुर्चीवर बसून मला डेपोच्या गोष्टी सांगत होते. नवीन कंडक्टर दोन बेल देतो पण दार लावत नाही, राळेगावच्या फलाटावर कुत्रीनं पिल्लं घातली. असल्या गोष्टी. मला झोप लागली. उठलो तेव्हा चार तास होऊन गेले होते.

दोन आठवड्यांनी दुसरी वेळ, मग काही आठवड्यांनी तिसरी. तिसरीनंतर एका सकाळी मी संडासातून बाहेर आलो आणि बायकोला हाक मारली. रक्त नव्हतं. स्टिरॉइडचा डोस तोवर अर्ध्यावर आला होता. ती पदरानं तोंड पुसत आत गेली. त्या दिवशी ताटात पहिल्यांदा वांग्याची भाजी होती, कमी तिखटाची.

चौथ्या वेळेच्या आधी एक गोष्ट झाली. जानेवारीचे दिवस होते. भाईंनी चार दिवस मफलर गुंडाळलेला. थंडीत कोण विचारणार? पण स्टँडवर त्यांनी चहाबरोबरचा टोस्ट परत केला आणि माझ्याशी बोलताना तोंडाचा एकच कोपरा हलला. मी मफलर बाजूला केला. अंग तापलेलं, डावा गाल टरटरून सुजलेला, कातडी तांबडी, डोळा अर्धा मिटलेला.

"कधीपासून?"

"चार दिवस झाले. दाढ हाय. उतरून जाईन."

"दवाखान्यात काहून नाही गेले?"

"गेलो तं ते गोळ्या देतीन. तेच, अँटिबायोटिक. मॅडमनं कागदावर लिवून देलं हाय ना, घेतलं तं तीन महिने बाद. तुह्या चार वेळा राह्यल्या अजून."

मला इतका राग आला की मी स्टँडवर, लोकांसमोर, त्यांच्यावर ओरडलो. सात वर्षांत पहिल्यांदा. तापानं अंग भाजत असताना हा माणूस साठ माणसांची गाडी चालवत होता, आणि कशासाठी, तर पोटातले जिवाणू मरू नयेत म्हणून. तेही स्वतःसाठी नाही. मी तिथूनच मॅडमना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, ऐका. तुम्ही दाता नंतर, आधी माणूस. दाढेचा पू मेंदूपर्यंत जाऊ शकतो. आत्ता, आज, जाऊन दाखवा आणि जे औषध देतील ते पूर्ण घ्या. तुमचे नमुने मी आधीच गोठवून ठेवलेत. या माणसाचं काही अडणार नाही."

भाई ऐकत होते. "हे आधी सांगाचं ना," ते पुटपुटले. मी त्यांना दातांच्या डॉक्टरकडे नेलं, दाढ काढली, गोळ्या सुरू झाल्या. दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत त्यांची गाडी तासभर फलाटावर उभी होती.

चौथी आणि पाचवी वेळ गोठवलेल्या नमुन्यांवर झाली. तीन महिने पूर्ण झाल्यावर परत तपासण्या करून भाई हजर झाले. शेवटच्या वेळेनंतर मॅडमनी दुर्बिणीत मला आतडं दाखवलं. मी ओळखलंच नाही. गुलाबी, ओलसर, चकचकीत, आणि पातळ कातडीखाली नाजूक शिरांचं जाळं. एका ठिकाणी जुन्या व्रणाची पांढुरकी खूण. मॅडम एकदम हसल्या. एवढ्या शिकलेल्या बाई, पण परीक्षेत पहिली आलेल्या मुलीसारख्या हसल्या. भाईंना आत बोलावून त्यांनाही पडदा दाखवला. ते बराच वेळ पाहत राहिले. "हे माह्या पोटातल्यांनी केलं?"

"त्यांनी आणि औषधांनी मिळून," मॅडम म्हणाल्या. "किती कुणी, ते मला वेगळं करून सांगता येणार नाही."

मी पूर्ण बरा झालो असं म्हणत नाही. हा आजार जात नाही, झोपतो. साध्या गोळ्या रोज चालू आहेत. पुढच्या वर्षी पावसाळ्यात एकदा रक्त दिसलं, मी घाबरलो, पण गोळ्या वाढवल्यावर दोन आठवड्यांत थांबलं. स्टिरॉइड पुन्हा लागलं नाही. मी खिडकी सोडून परत गाडीवर आलो. डाळ-भाकरी, भाज्या, ताक, सगळं खातो. सर्दी-तापाला कुणी अँटिबायोटिक लिहून दिलं तर ते खरंच लागेल का, हे दोनदा विचारतो. आणि कधी कधी, तिकिटं फाडून झाल्यावर मागच्या सीटवर बसलो की मनात येतं, डोळ्यांना न दिसणारे हे एवढेसे जीव, नेरच्या एका माणसाच्या पोटात वाढलेले, माझ्यात येऊन राहिले, कामाला लागले. माझ्या शरीरानं, ज्यानं माझ्याच आतड्याला परकं मानलं होतं, त्यांना ठेवून घेतलं. हे मला अजून नवल वाटतं.

भाई मागच्या वर्षी रिटायर झाले. डेपोत शाल, नारळ, भाषणं झाली. साहेबांनी त्यांच्या अपघातविरहित सेवेचं कौतुक केलं. मलाही बोलायला उठवलं. मी सगळं सांगायचं ठरवून उठलो होतो. भाईंनी खुर्चीतूनच माझ्याकडे पाहून मान जराशी हलवली. नको. मी त्यांच्या वेळेबद्दल, त्यांच्या डब्याबद्दल दोन वाक्यं बोललो आणि बसलो. डेपोत आजही कुणाला ठाऊक नाही. आम्ही दोघं नागपूरला का जायचो, याचे तिथं भलतेच अंदाज आहेत.

आता ते नेरला भावांच्या गॅरेजात बसतात. मागच्या महिन्यात मी अमरावतीच्या गाडीवर होतो, नेरला थांबा मोठा होता, तेव्हा त्यांना गाठलं. ते ट्रॅक्टरखाली आडवे होते. मी म्हटलं, भाई, हे सगळं मी लिहून काढतो. असलं दुखणं असलेली माणसं लाजेपायी कुणाला सांगत नाहीत, मरत राहतात. त्यांनी वाचावं.

ट्रॅक्टरखालून त्यांनी हात बाहेर काढून पाना जमिनीवर ठेवला.

"लिव," ते म्हणाले. "पण नाव नको टाकजो. अन् मॅडमबद्दल चांगलं लिवजो, त्या बाईनं खरंच लय केलं. मी काय केलं? मी तं फक्त जेवत गेलो."